सीईटीचं इंग्रजी : उतारा आणि व्याकरण, मराठी माध्यमाच्या बाकावरून

(वसई रोड इथे बारावीचे विद्यार्थी आणि पालक यांच्यासमोर झालेल्या व्याख्यानाचं हे शब्दांकन. बोलण्याची ढब शक्य तिथे तशीच ठेवली आहे. शेवटी निवडक प्रश्नोत्तरं दिली आहेत.)

समोर विद्यार्थी आहेत, त्यांच्या मागे पालक आहेत. काही जण विरारहून, नालासोपाऱ्याहून आलेत, काही आगाशी-अर्नाळ्याकडून.

आजचा विषय अगदी मोजका आहे. बारावीनंतर ज्या प्रवेश परीक्षा द्याव्या लागतात, त्यांत इंग्रजीचा एक भाग असतो. त्यात दोन गोष्टी असतात : उतारा वाचून उत्तरं देणं आणि व्याकरण. या दोन्हींची तयारी कशी करायची, विशेषतः ज्याचं शिक्षण मराठी माध्यमात झालंय त्याने कशी करायची, एवढंच आज बोलायचं आहे.

आधी हे ओझं किती आहे ते मोजू

२०२४ पर्यंत आपल्या भागातल्या मुलांचा एक ठरलेला रस्ता होता. बारावी कॉमर्स झाली की जवळच्या कॉलेजात बीएमएसला किंवा बीबीआयला अर्ज करायचा आणि बारावीच्या टक्क्यांवर प्रवेश घ्यायचा. २०२४-२५ पासून बीबीए, बीसीए, बीएमएस हे अभ्यासक्रम एआयसीटीईच्या कक्षेत आले आणि राज्याच्या सीईटी सेलने त्यांच्यासाठी वेगळी सीईटी सुरू केली. पहिल्या वर्षी बऱ्याच घरांत ही बातमी उशिरा पोचली. टक्के हातात होते, पण सीईटीचा फॉर्मच भरलेला नव्हता. काही महाविद्यालयांनी मग अभ्यासक्रमाची नावं बदलून तो बीकॉमखाली नेला. तुमच्या कॉलेजात आज नेमकं कोणत्या नावाने काय चालू आहे आणि त्याला सीईटी लागते की नाही, हे तुम्ही स्वतः जाऊन विचारा. शेजारच्या दादाचा अनुभव दोन वर्षांपूर्वीचा असेल तर तो आता लागू पडेलच असं नाही.

आता या सीईटीचा आराखडा बघा. १०० प्रश्न, १०० गुण, ९० मिनिटं. त्यात इंग्रजीचे ४०, तर्कक्षमतेचे ३०, सामान्य ज्ञानाचे १५ आणि संगणकाचे १५. म्हणजे सगळ्यात मोठा तुकडा इंग्रजीचा. मुलं तर्काच्या कोड्यांवर महिनाभर घालवतात आणि इंग्रजीला म्हणतात, 'ते बघू नंतर.' पण ४० गुण तिथेच आहेत.

विधी शाखेला जायचं असेल तर पाच वर्षांच्या अभ्यासक्रमाच्या सीईटीत १२० मिनिटांत १२० प्रश्न असतात, त्यांतले २४ इंग्रजीचे. पदवीनंतरच्या तीन वर्षांच्या अभ्यासक्रमाला १२० पैकी ४० इंग्रजीचे. केंद्रीय विद्यापीठांसाठीची सीयूईटी २०२२ पासून आहे. तिथे भाषेच्या पेपरात ६० मिनिटांत ५० प्रश्न असतात आणि त्यांत उताऱ्यांना मोठं वजन आहे. आराखडे बदलत असतात, म्हणून फॉर्म भरण्याआधी त्या वर्षाची माहितीपुस्तिका उघडून ही आकडेवारी एकदा ताडून घ्या.

एक फरक मात्र पक्का लक्षात ठेवा. राज्याच्या या सीईटींत चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. त्यामुळे तिथे एकही प्रश्न कोरा ठेवायचा नाही. सीयूईटीत बरोबर उत्तराला ५ गुण मिळतात आणि चुकीला १ कापतात. तिथेही चारपैकी एक-दोन पर्याय खात्रीने बाद करता आले तर उत्तर द्यावं. काहीच कळलं नसेल आणि वेळ कमी असेल तर पुढे जावं.

ही भीती कुठून येते?

मराठी माध्यमाच्या मुलाला वाटतं, समोरचा इंग्रजी माध्यमाचा मुलगा जन्मतः पुढे आहे. बोलण्यात तो पुढे असेलही. पण या परीक्षेत बोलायचं नसतं आणि निबंधही लिहायचा नसतो. चार पर्यायांतून एक निवडायचा असतो. इथे लागतं ते वाक्याकडे बारकाईने बघणं. आणि दोन भाषा शेजारी ठेवून बघणाऱ्याला वाक्याची रचना जास्त स्पष्ट दिसते.

याला आपल्या मातीतलाच दाखला आहे. आपल्या वसई तालुक्यात तर्खड नावाचं गाव आहे. त्या गावावरून ज्यांचं आडनाव पडलं त्या तर्खडकर घराण्यातल्या दादोबा पांडुरंगांनी १८३६ साली मराठीचं व्याकरण प्रसिद्ध केलं. इंग्रजी व्याकरणाची पद्धत त्यांनी अभ्यासली आणि तिच्या उजेडात मराठीकडे बघितलं. पुढे त्याच आडनावाची भाषांतर पाठमाला घेऊन महाराष्ट्रातल्या कितीतरी पिढ्या इंग्रजी शिकल्या. पद्धत साधी : मराठी वाक्य घ्या, त्याचं इंग्रजी करा, मग इंग्रजीचं मराठी करा. आज त्या पद्धतीला जुनाट म्हणतात, आणि बोलायला शिकण्यासाठी ती अपुरी आहे हे खरं. पण व्याकरणाच्या प्रश्नांसाठी तिच्यात एक मोठा गुण आहे : दोन भाषा जिथे वेगळ्या वागतात ती जागा ती बोट ठेवून दाखवते. आणि आपल्या चुका नेमक्या त्याच जागी होतात.

तुमच्यातले काही जण घरी सामवेदी बोलतात, काही वाडवळी, शाळेत प्रमाण मराठी, बाजारात हिंदी. दिवसातून तीन वेळा तुम्ही व्याकरण बदलता आणि तुम्हाला ते जाणवतही नाही. इंग्रजीला भिण्याचं कारण नाही.

व्याकरण : मराठी कुठे अडवते, कुठे मदत करते

बाजारातल्या जाड पुस्तकात दोनशे नियम असतात. ते पाठ करून परीक्षेत आठवत नाहीत. त्यापेक्षा मराठी माणूस जिथे हमखास घसरतो अशा जागा ओळखा. मी आज सात सांगतो.

पहिली : जरी-तरी. मराठीत जोडी लागते. 'जरी तो दमला होता तरी तो कॉलेजला गेला.' म्हणून आपण इंग्रजीतही जोडी लावतो : 'ऑलदो ही वॉज टायर्ड, बट ही वेंट टू कॉलेज.' इंग्रजीत दोघांपैकी एकच राहतो. ऑलदो असेल तर बट नको, बट असेल तर ऑलदो नको. चूक शोधण्याच्या प्रश्नात ऑलदो दिसलं की आधी पुढे बट आहे का ते बघा.

दुसरी : पासून. 'आम्ही २०१० पासून नालासोपाऱ्यात राहतो.' मराठीत 'राहतो', साधा वर्तमानकाळ. म्हणून मुलं लिहितात, 'वी लिव्ह इन नालासोपारा सिन्स २०१०.' इंग्रजीला इथे मागे सुरू होऊन आजपर्यंत चालू असलेला काळ लागतो : 'वी हॅव बीन लिव्हिंग.' दुसरी गंमत बघा. मराठीत '२०१० पासून' आणि 'दहा वर्षांपासून' या दोन्हींना 'पासून'च लागतं. इंग्रजीत सुरुवातीचा क्षण सांगितला तर सिन्स आणि कालावधी सांगितला तर फॉर. 'सिन्स २०१०', पण 'फॉर टेन इयर्स'. पर्यायांत 'सिन्स टेन इयर्स' असेल तर तो तुमच्यासाठीच लावलेला सापळा आहे असं समजा.

तिसरी : पाऊस पडला तर. 'पाऊस पडला तर लोकल उशिरा येतील.' मराठीत अटीच्या भागात 'पडला' येतं, भूतकाळाचं रूप, अर्थ मात्र भविष्याचा. इंग्रजी करताना आपण विचार करतो की गोष्ट उद्याची आहे, म्हणून दोन्हीकडे विल घालतो : 'इफ इट विल रेन, द ट्रेन्स विल बी लेट.' इंग्रजीत इफच्या भागात साधा वर्तमानकाळ असतो : 'इफ इट रेन्स.' विल फक्त परिणामाच्या भागात. आता 'पाऊस पडला असता तर' हे वाक्य घ्या. पडला नाही हे आपल्याला माहीत आहे. इथे इंग्रजीत 'इफ इट हॅड रेन्ड' आणि पुढे 'वुड हॅव'. मराठीतला 'असता' दिसला की हॅड आणि वुड हॅव ही जोडी आठवा. म्हणजे इथे मराठी मदतीलाच येते.

चौथी : म्हणाला की. 'राजू म्हणाला की मी उद्या येईन.' मराठीत राजूचं 'मी' तसंच राहतं आणि आपल्याला कळतं की 'मी' म्हणजे राजू. इंग्रजीत दुसऱ्याचं बोलणं आपल्या तोंडून सांगताना माणूस बदलतो, काळ मागे जातो, 'उद्या'सुद्धा बदलतो : 'राजू सेड दॅट ही वुड कम द नेक्स्ट डे.' प्रश्न असेल तर आणखी एक बदल होतो. 'तिने विचारलं की तू कुठे राहतोस' याचं 'शी आस्क्ड मी व्हेअर आय लिव्ड'. इथे 'व्हेअर डिड आय लिव्ह' नाही, कारण वाक्य आता प्रश्न राहिलेलं नाही, ती एक माहिती झाली आहे.

पाचवी : कर्ता आणि क्रियापद. 'द क्वालिटी ऑफ द मँगोज' यापुढे इज की आर? मुलं मँगोज बघून आर लावतात. मराठी करा : 'आंब्यांची प्रत चांगली आहे.' आपण 'आंब्यांची प्रत चांगले आहेत' म्हणतो का? कधीच नाही. क्रियापद 'प्रत'बरोबर जातं. म्हणून इज. तसंच 'वन ऑफ द स्टुडंट्स'. 'विद्यार्थ्यांपैकी एक जण आला आहे', एकवचन, म्हणून हॅज. इथे मराठी बरोबर उत्तर देते.

पण एका ठिकाणी ती फसवते. 'मुलीने दोन आंबे खाल्ले आहेत.' मराठीत 'ने' आलं की क्रियापद कर्त्याला सोडून कर्माच्या मागे जातं. आंबे दोन म्हणून 'आहेत'. इंग्रजीत क्रियापद मुलीलाच धरून राहतं : 'द गर्ल हॅज ईटन टू मँगोज.' तेव्हा नियम असा करा : मराठी वाक्यात कर्त्याला 'ने' लागलं असेल तर मराठीच्या क्रियापदावर विसंबू नका.

सहावी : अ, ॲन आणि द. मराठीत ही उपपदं नाहीत, म्हणून ती आपल्याला अवघड जातात. पण अ की ॲन हे ठरवायला आपल्याकडे असं हत्यार आहे, जे इंग्रजीच्या लिपीत नाही. तो शब्द देवनागरीत लिहा. पहिलं अक्षर स्वर असेल, म्हणजे अ, आ, इ, ए, ऑ वगैरे, तर ॲन. व्यंजन असेल तर अ. 'युनिव्हर्सिटी' य ने सुरू होतो, म्हणून अ युनिव्हर्सिटी. 'अवर', म्हणजे तास, अ ने सुरू होतो, म्हणून ॲन अवर. 'एमएलए' ए ने, म्हणून ॲन एमएलए. 'वन-वे' व ने, म्हणून अ वन-वे रोड. इंग्रजी स्पेलिंग बघणारा मुलगा इथे चुकतो, कारण स्पेलिंग एक सांगतं आणि उच्चार दुसरं. आपली लिपी उच्चार लिहिते.

आणि 'द'? 'विहिरीपाशी एक मुलगा उभा होता. तो मुलगा रडत होता.' पहिल्यांदा 'एक', दुसऱ्यांदा 'तो'. जिथे मराठीत 'तो, ती, ते' लावून चालेल, म्हणजे ऐकणाऱ्याला कोणता ते ठाऊक आहे, तिथे बहुधा द. यापलीकडे नद्या, समुद्र, वर्तमानपत्रांची नावं अशी छोटी यादी आहे. ती एका संध्याकाळी होते.

सातवी : शब्दयोगी अव्ययं. 'विषयावर चर्चा केली', म्हणून आपण डिस्कसच्या पुढे अबाउट लावतो. नको. डिस्कसला पुढे काहीच लागत नाही. 'खोलीत शिरला', म्हणून एंटरच्या पुढे इन. तेही नको. 'तिच्याशी लग्न', म्हणून मॅरीड विथ. इंग्रजीत मॅरीड टू. 'कुत्र्याला घाबरतो' याला अफ्रेड ऑफ. 'चहापेक्षा कॉफी आवडते' यात 'पेक्षा' दिसलं की आपण दॅन लावतो, पण प्रिफरला टू लागतं. सुपीरिअर, ज्युनिअर यांनाही टू. याला नियम नाही, सवय आहे. अशा शब्दांची स्वतःची यादी करा, आणि यादीत फक्त तेच शब्द घ्या जिथे तुम्ही स्वतः चुकलात.

उतारा : वाचता येणं आणि उत्तर देता येणं

आता उताऱ्याकडे येऊ. इथे मुलं म्हणतात, 'सर, उतारा कळला होता, पण उत्तर चुकलं.' हे होतं, कारण चुकीचे पर्याय ठरावीक पद्धतीने बनवलेले असतात. ती पद्धत बघण्यासाठी मुद्दाम मराठी उतारा घेऊ. भाषेची अडचण बाजूला ठेवली की कौशल्य उघडं दिसतं. नीट ऐका.

'वसईच्या किल्ल्याने अनेक सत्ता पाहिल्या. १५३४ च्या तहाने गुजरातच्या सुलतानाकडून वसई पोर्तुगीजांकडे आली आणि पुढची दोनशे वर्षं ती त्यांचं महत्त्वाचं ठाणं राहिली. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांच्या फौजेने किल्ला जिंकला. मात्र १८०२ मध्ये याच वसईत दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांशी तह केला आणि पेशव्यांच्या स्वातंत्र्याला ओहोटी लागली. जी जागा मराठ्यांच्या पराक्रमाची खूण होती, तिथेच त्यांच्या पराधीनतेचा कागद तयार झाला.'

प्रश्न : या उताऱ्याचा मुख्य आशय कोणता?

क) १७३९ मध्ये मराठ्यांनी वसईचा किल्ला जिंकला.
ख) परकीय सत्तांनी भारतावर राज्य केलं.
ग) वसईच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी देवळांसाठी नेल्या.
घ) अनेक सत्ता पाहिलेल्या वसईत विजय आणि पराधीनता या दोन्ही गोष्टी घडल्या.

उत्तर घ. पण बाकीचे तीन का चुकीचे, हे शिकण्यासारखं आहे.

क खरा आहे, उताऱ्यात आहे, पण तो एकाच वाक्याचा आशय आहे. अरुंद पर्याय. ख इतका मोठा आहे की त्यात वसईच हरवली. रुंद पर्याय. आणि ग? इथे बसलेल्या बऱ्याच जणांना ग ओळखीचा वाटला असेल. वसईच्या घंटा महाराष्ट्रातल्या देवळांत आहेत, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली घंटा तर प्रसिद्धच आहे. गोष्ट खरी, पण उताऱ्यात नाही. हा सगळ्यात धोकादायक पर्याय, कारण तो हुशार मुलाला फसवतो. ज्याला विषय माहीत असतो तो स्वतःच्या ज्ञानातून उत्तर देतो. उतारा तुमच्या ओळखीच्या विषयावर असेल तर जास्त सावध व्हा. प्रत्येक उत्तराला स्वतःला विचारा : हे कोणत्या ओळीत लिहिलंय? बोट ठेवता आलं नाही तर तो पर्याय सोडा.

दुसरा प्रश्न : यातून काय अनुमान निघतं? पर्याय असा : '१८०२ नंतर पेशव्यांकडे कोणताही अधिकार उरला नाही.' बरोबर वाटतो ना? पण उतारा म्हणतो 'ओहोटी लागली'. ओहोटी लागणं म्हणजे उतरायला सुरुवात होणं, पाणी संपणं नव्हे. 'कोणताही, नेहमी, फक्त, सर्व', इंग्रजीत 'ऑल, नेव्हर, ओन्ली, ऑल्वेज' असे टोकाचे शब्द पर्यायात असले तर उताऱ्यातही तेवढंच टोक आहे का ते तपासा. बहुतेक वेळा नसतं.

तिसरा प्रश्न शब्दार्थाचा : 'ओहोटी' म्हणजे काय? शब्दकोशातला अर्थ समुद्राचं पाणी मागे जाणं. अर्नाळ्याच्या मुलाला तो सगळ्यात आधी सुचेल. पण इथे अर्थ ऱ्हास. इंग्रजी उताऱ्यातही शब्दाचा ओळखीचा अर्थ पर्यायांत मुद्दाम ठेवलेला असतो. सोपा उपाय : प्रत्येक पर्याय मूळ वाक्यात त्या शब्दाच्या जागी ठेवून वाचा. 'स्वातंत्र्याचा समुद्र मागे गेला' हे बसत नाही, 'ऱ्हास सुरू झाला' हे बसतं.

आणि या उताऱ्यातला सगळ्यात महत्त्वाचा शब्द कोणता? 'मात्र'. तोपर्यंत गोष्ट चढत होती, 'मात्र' आला आणि वळली. इंग्रजीत हे काम हाउएव्हर, बट, येट, नेव्हर्दलेस करतात. लेखकाचं मत बहुतेक वेळा या शब्दाच्या नंतर येतं. वाचताना अशा शब्दापाशी क्षणभर थांबा. देअरफोर म्हणजे निष्कर्ष येतोय. मोरओव्हर म्हणजे तोच मुद्दा पुढे जातोय. असे दहा-बारा शब्द पक्के असले की अवघड शब्द न कळताही उताऱ्याची दिशा कळते.

परीक्षेत क्रम असा ठेवा. आधी फक्त प्रश्न वाचा, पर्याय नाही. कारण पर्यायांतले तीन खोटे असतात आणि ते आधीच डोक्यात गेले तर उतारा त्यांच्या नजरेने वाचला जातो. मग उतारा एकदा सलग वाचा. मग प्रश्न सोडवताना हव्या त्या ओळीकडे परत जा.

वेळेचा हिशेब

१०० प्रश्नांना ९० मिनिटं, म्हणजे एका प्रश्नाला ५४ सेकंद. पण सगळे प्रश्न सारखे नसतात. समजा इंग्रजीच्या ४० पैकी ३० प्रश्न व्याकरण-शब्दसंग्रहाचे आणि १० उताऱ्यांचे आहेत. व्याकरणाला अर्धा मिनिट धरा, १५ मिनिटं झाली. उताऱ्यांना १५ मिनिटं. अर्ध्या तासात इंग्रजी संपलं आणि उरलेल्या ६० प्रश्नांना ६० मिनिटं मिळाली. व्याकरणात उत्तर एक तर पटकन सुचतं, नाहीतर दोन मिनिटं बघूनही सुचत नाही. तिथे खुणेचं बटण दाबून पुढे जा.

बोर्डाची परीक्षा फेब्रुवारी-मार्चमध्ये, सीईटी त्यानंतर काही आठवड्यांत. म्हणून आतापासून रोज ४० मिनिटं पुरेत. २० मिनिटं वाचन : इंग्रजी वर्तमानपत्रातला एक लेख, आणि वाचून झाल्यावर त्याचा आशय एका मराठी वाक्यात वहीत लिहायचा. ते वाक्य लिहिता आलं नाही तर लेख कळलेला नाही, परत वाचा. २० मिनिटं व्याकरण : आज सांगितलेल्यांपैकी एक जागा घ्या आणि तिच्यावरचे २० प्रश्न सोडवा. आठवड्यातून एकदा घड्याळ लावून पूर्ण पेपर.

चुकांची एक वही ठेवा. प्रत्येक चुकीपुढे कारण लिहा : माहीत नव्हतं, प्रश्न नीट वाचला नाही, की घाई झाली. महिन्याने वही उलटी चाळा. बहुतेकांना दिसेल की 'माहीत नव्हतं' वाटतं त्यापेक्षा कमी आहे. मग नवीन पुस्तक आणण्याऐवजी प्रश्न नीट वाचण्याची सवय लावावी लागते, आणि त्याला पैसे लागत नाहीत.

निवडक प्रश्नोत्तरं

प्रश्न (विद्यार्थिनी) : मी मनात भाषांतर करत वाचते, म्हणून वेग कमी पडतो. काय करू?

भाषांतर एकदम बंद होणार नाही, तसा प्रयत्नही करू नकोस. फक्त त्याचं माप बदल. आता तू शब्दाशब्दाला मराठी करतेस. त्याऐवजी पूर्णविरामापर्यंत थांब आणि पूर्ण वाक्याचा अर्थ एकदाच मनात आण. आठवड्याने परिच्छेदापर्यंत थांब. पहिले काही दिवस निसटल्यासारखं वाटेल. एक परिच्छेद निवडून किती मिनिटं लागली ते लिहून ठेव आणि तेवढ्याच लांबीचा परिच्छेद पंधरा दिवसांनी वाचून पुन्हा मोज. आकडा खाली आलेला दिसला की धीर येतो.

प्रश्न (पालक) : सर, क्लास लावलाच पाहिजे का? फी बरीच आहे.

क्लासमध्ये शिस्त आणि सरावाचे पेपर मिळतात. हे दोन्ही तुमच्या घरी होत असेल तर इंग्रजीसाठी तरी क्लासची सक्ती नाही. लावायचाच असेल तर फी भरण्याआधी एक विचारा : मुलाने सोडवलेल्या पेपरमधल्या चुका कोण बघणार आणि कधी? उत्तर नीट मिळालं नाही तर तो क्लास नुसत्या नोट्स विकतोय. तीन-चार मुलांनी मिळून रविवारी एक पेपर सोडवला आणि प्रत्येक उत्तर का बरोबर यावर वाद घातला, तर त्याचा फायदा मोठा होतो. ज्याला कारण सांगता येतं त्याला ते येतं.

प्रश्न (विद्यार्थी) : मॅनेजमेंट शिकायला एवढं इंग्रजी कशाला? हा आमच्यावर अन्याय नाही का?

तुझा प्रश्न रास्त आहे. माझ्या मते १०० पैकी ४० गुण इंग्रजीला देणं हे मराठी माध्यमाच्या मुलाला जड जातं, आणि जव्हार-मोखाड्याच्या पाड्यावरून येणाऱ्या मुलाला तर फारच जड. विधीच्या सीईटीत बाकीचे भाग मराठीतही उपलब्ध असतात. सीयूईटीत भाषेच्या पेपरासाठी ज्या १३ भाषा आहेत त्यांत मराठी आहे. म्हणजे वेगळी व्यवस्था करता येते, हे दिसतंच आहे. ही मागणी करत राहिली पाहिजे. ती पालकांनी, शिक्षकांनी, माझ्यासारख्यांनी करायची.

पण तुझी परीक्षा या वर्षी आहे आणि नियम या वर्षी बदलणार नाहीत. तक्रार आमच्याकडे दे आणि तयारी तू कर. आणि एक लक्षात ठेव. हे ४० गुण तू किती हुशार आहेस ते मोजत नाहीत. एका ठरावीक वेळात एका भाषेतलं वाक्य तू किती बारकाईने बघतोस, एवढंच ते मोजतात. कमी पडले तर त्यातून तुझ्याबद्दल दुसरा काही निष्कर्ष काढू नकोस, आणि तुझ्या घरच्यांनीही काढू नये. हे मी मागे बसलेल्यांसाठी मुद्दाम सांगतोय.

प्रश्न (पालक) : मला स्वतःला इंग्रजी येत नाही. मी मुलीला काय मदत करणार?

उतारा वाचून झाला की तिला म्हणा, 'मला मराठीत सांग, यात काय लिहिलंय.' आणि तुम्हाला जे कळलं नाही ते विचारा. 'मग असं का झालं? हे कुणी म्हटलं?' तिला उत्तर देता येत नसेल तर ती स्वतः उताऱ्याकडे परत जाईल. एवढी मदत पुरे आहे, आणि त्यासाठी इंग्रजी यावं लागत नाही.

वेळ झाली. पुढच्या वेळी तर्कक्षमतेचा भाग घेऊ. येताना आज सांगितलेल्या सात जागांपैकी एकीवर सोडवलेले २० प्रश्न आणि चुकांची वही घेऊन या.